उफराटी खिडकी

घर बघायला गेल्यावर सुप्रभाबाई खांबेट्यांनी छप्पर बघितलं नाही, बॉयलर बघितला नाही, शेजार कसा आहे तेही विचारलं नाही. त्यांनी एजंटला एकच प्रश्न टाकला, "इथे सूर्य कुठून उगवतो?" दिवस मार्चचे होते आणि आभाळ सकाळपासून गच्च भरलेलं. बिचाऱ्यानं चारी बाजूंना मान फिरवली आणि मागच्या शेताकडे बोट दाखवून सांगितलं की बहुधा तिकडून. 'बहुधा' ऐकून सुप्रभाबाईंना त्याची कीव आली.

ही गोष्ट एक्क्याऐंशी सालची. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, जिथे बस वळसा घेऊन परत फिरते त्याच्याही पुढे हे घर होतं. डॉक्टर शशिधर खांबेटे शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करत. दिवसभर लोकांना झोपवायचं आणि घरी येऊन स्वतः झोपायचं, असा त्यांचा आयुष्यक्रम होता. त्यांना घर पसंत होतं. अडलं ते दारापाशी. घराचं पुढचं दार दक्षिणेला होतं.

"दक्षिण यमाची. त्या दारातून लक्ष्मी कशी येणार?" सुप्रभाबाई म्हणाल्या.

"यमाला बर्मिंगहॅमचा व्हिसा देतो कोण?" डॉक्टर म्हणाले. "आम्हाला मिळायला दीड वर्ष लागलं."

सुप्रभाबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी तोड काढली. स्वयंपाकघरातून मागच्या बागेत उघडणारं दार अगदी पूर्वेला होतं. तेच आपलं मुख्य दार, असं त्यांनी ठरवून टाकलं. तोरण तिथे लागलं, रांगोळी तिथे निघू लागली आणि तिन्हीसांजेला दिवा लावताना उघडायचं दारही तेच झालं. पुढचं दार उरलं पोस्टमनला आणि दूधवाल्याला. नोव्हेंबरात सुद्धा बाई दिवेलागणीला दार सताड उघडत आणि डॉक्टर घरी असले तर ओरडत, "अगं, सगळं हीटिंग शेतात चाललंय!" लक्ष्मी येईपर्यंत थंडीनं माणसं मरतील, असंही ते म्हणत. पण ऐकतो कोण?

त्या दारातून बाग दिसे, बागेपलीकडे कुंपणाची झुडपं, मग एक उतरतं ओलं शेत आणि शेताच्या टोकाला एक पडकं चॅपल, लहानसं चर्च. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचं असेल. छप्पर कधीच गेलेलं. घरातून त्याची पश्चिमेची भिंत दिसे आणि तिच्या पडक्या भागातून आरपार पूर्वेची मोठी खिडकी. तीन उंच गाळे, मधले दगडी खांब तुटलेले, पण वरची दगडी जाळी अजून कमानीला धरून राहिलेली. काच नसल्यामुळे त्या जाळीतून नुसतं आभाळ दिसे. पश्चिमेच्या भिंतीत अगदी खाली, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर, आणखी एक लहान खिडकी होती. ती आतून विटांनी बुजवलेली होती आणि तिच्या डोक्यावरचा दगड कुणीतरी काढून नेला होता. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे.

तो दगड सुप्रभाबाईंच्याच बागेत होता.

आधीच्या मालकानं बागेच्या कोपऱ्यात दगडांचा ढीग रचून त्यात फुलझाडं लावली होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती उपटताना उदयला तो सापडला. उदय त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा पंधरा वर्षांचा, जन्म इथलाच. त्यानं जुना टूथब्रश घेऊन दगड घासून काढला. बसायच्या पाटाएवढा दगड, खालच्या बाजूनं कोरून काढलेला. कोरलेल्या जागेला तीन गोल पाकळ्या होत्या, एक वर आणि दोन बाजूंना.

"आई, कम अँड सी! हा स्टोन बघ, कसली हेवी आहे. याच्यात तुझा तो लीफ आहे, शंकराचा."

सुप्रभाबाई धावत बाहेर आल्या. सांगलीच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्रात बी. एस्सी. झालेल्या बाई त्या. पण आता गावातल्या शाळेत डिनर लेडी होत्या आणि पोरांच्या ताटात कस्टर्ड ओतत होत्या. त्यांना पान ओळखायला वेळ लागला नाही. बेलाचं पान! परक्या देशात, परक्या मातीत बेल निघाला. त्यांचे डोळे भरून आले.

त्याच संध्याकाळी बापलेकांनी तो दगड धापा टाकत आत आणला. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीत कोनाडा होता, तेच देवघर. त्याच्या पुढे दोन विटा उभ्या करून, त्यांना सोनेरी कागद लावून, वर दगड ठेवला. देवघराला महिरप झाली. आत देव, देवांपुढे निरांजन, आणि निरांजनाचा उजेड त्या तीन पाकळ्यांतून समोरच्या उघड्या दाराकडे. बाईंना आपल्या हातून फार मोठं पुण्यकर्म झाल्यासारखं वाटलं. डॉक्टरांची कंबर आठवडाभर धरली होती.

दिव्याबद्दल बाई फार कडक होत्या. दिवा कधी फुंकून विझवायचा नाही. तो आपला आपण शांत होऊ द्यायचा, नाहीतर फुलानं मालवायचा. त्यामुळे उदयच्या एकाही वाढदिवसाला केकवरची मेणबत्ती फुंकली गेली नाही. शाळेतली पोरं घरी येत, टाळ्या वाजवायच्या तयारीत बसत आणि बाई मेणबत्ती बाजूला काढून उदयला ओवाळत. सात वर्षांचा असताना तो त्यावरून रडला होता. "जस्ट वन, आई! एकच फुंकतो!" पण बाई हलल्या नाहीत. तोंडानं दिवा विझवणं म्हणजे घरातलं माणूस विझवणं, असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं आणि तेवढंच त्यांनी त्याला सांगितलं.

तीन वर्षांनी उदयचे ए-लेव्हल्सचे निकाल आले. मेडिकलला प्रवेश मिळेल असे मार्क नव्हते. उदयला वाईट वाटलं नव्हतं, आणि तेच डॉक्टरांना सहन झालं नाही. शब्दाला शब्द वाढत गेला. डॉक्टर म्हणाले, "ते दार आहे. जायचं तर जा, पण मग परत येऊ नकोस." बोट त्यांनी दाखवलं ते पुढच्या दाराकडे, दक्षिणेच्या. उदयनं बॅग भरली आणि तो त्याच दारानं गेला. सुप्रभाबाई त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेल्या, तेव्हा बस वळसा घेऊन निघून गेली होती.

त्यानंतर त्याचा पत्ता लागला नाही. कुणी म्हणे लंडन, कुणी म्हणे स्कॉटलंडला बोटींवर काम करतो. डॉक्टरांनी आपल्या शब्दांबद्दल तोंडाला कुलूप लावून घेतलं, पण फोन वाजला की पहिल्यांदा तेच उठत. सुप्रभाबाई दिवा लावताना पूर्वी बरंच काही मागत असत. आता एकच मागू लागल्या. माझा मुलगा दारात येऊ दे.

आणि दारात कुणीतरी येऊ लागलं.

पहिल्यांदा झालं ते ऑक्टोबरात. धुकं पडलं होतं. बाई दिवा लावून, दार उघडून, देवांकडे तोंड करून बसल्या होत्या. दार पाठीमागे होतं. पाठीला गार लागलं, ते नेहमीचंच. पण गारव्याबरोबर ओल्या लोकरीचा वास आला आणि कुणीतरी फार चालून आल्यावर सोडतो तसा श्वास सोडला. बाईंना वाटलं डॉक्टर आले. प्रार्थना संपवून त्यांनी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. फरशीवर मात्र दारापासून देवघराकडे येणारी ओली पावलं होती. अनवाणी, मोठ्या माणसाची, चिखलाची.

त्यांनी पोतेरं घेतलं आणि पुसून टाकली. कोल्हा असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं. कोल्ह्याला पाच बोटं असतात का, हे मात्र मनाला विचारलं नाही.

मग ते धुक्याच्या प्रत्येक संध्याकाळी होऊ लागलं. कधी जाड चामड्याच्या जोड्यांची पावलं, कधी काठीच्या टोकाचा ठिपका, आणि एकदा लहान मुलाची, एवढीशी, मध्येच थांबलेली, कुणीतरी उचलून घेतल्यासारखी. बाई कधी मागे वळल्या नाहीत. पूजेतून मध्येच उठायचं नाही ही शिस्त होती, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. त्यांना भीती वाटे, आणि तरी त्या दार उघडत. कुणाची तरी लेकरं असतील, थकून आली असतील, असं वाटून त्यांनी दाराशी पाण्याचा तांब्या आणि साखरेची वाटी ठेवायला सुरुवात केली. साखर ओली होई, पण संपत नसे.

एक गोष्ट त्यांच्या उशिरा ध्यानात आली. येणारी पावलं दिसत, जाणारी कधी दिसत नसत.

घर गार पडत चाललं होतं. डॉक्टरांनी बॉयलरवाल्याला बोलावलं. त्यानं सगळं तपासून बॉयलर उत्तम असल्याचं सांगितलं आणि स्वतः कोट न काढता चहा प्यायला. रविवारी दुपारी पेपर वाचता वाचता डॉक्टर मध्येच म्हणत, "तू खोकलीस का?" बाई म्हणत, "नाही." मग डॉक्टर पेपरचं पान उलटत. जिन्यावर जाताना बाई कळत-नकळत अंग चोरून चढत, समोरून माणसं उतरत असावीत तशा.

लंडनजवळ पिनरला त्यांची मैत्रीण वैजयंती राहायची. तिला फोनवर जरा हिंट दिली, तर ती म्हणाली, "सुप्रभा, यू आर लोनली, दॅट्स ऑल. इकडे ये चार दिवस. हॅरोला शॉपिंग करू. आणि हे बघ, हसू नकोस, पण मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक." बाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. दुसऱ्या दिवशी मोहऱ्यांवरून चालत गेलेली पावलं उमटली होती.

शहाऐंशीच्या वसंतात मिस प्रिचर्ड आल्या. काउंटीच्या म्युझियमतर्फे त्या चॅपलच्या खिडक्यांची मापं घेत होत्या. उंच, काटकुळ्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. आजूबाजूच्या बागांमध्ये चॅपलचे दगड गेले आहेत का, हे विचारायला त्यांनी पुढची बेल वाजवली. सुप्रभाबाईंनी त्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं, चहा दिला आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

"ती खालची लहान खिडकी पाहिलीत?" मिस प्रिचर्डनी विचारलं. "अशी मी दुसरी बघितली नाही. जाड भिंतीतली खिडकी बाहेरून अरुंद असते आणि आत रुंद होत जाते, म्हणजे थोडका उजेडही आत आल्यावर पसरतो. ही अगदी उफराटी. आत अरुंद, बाहेर रुंद. नरसाळं उलटं धरावं तशी."

"मग तिच्यातून उजेड आत कसा येणार?"

"येणारच नाही. ती उजेड बाहेर टाकायला बांधली आहे. इथे सगळं जंगल आणि दलदल होती. वाट चुकलेल्यांसाठी पाद्री तिच्यात दिवा ठेवायचा. निदान सुरुवात तरी तशी झाली." मिस प्रिचर्डनी बिस्कीट चहात बुडवलं. "पुढे एका पाद्र्यानं ती विटांनी बुजवली आणि डोक्यावरचा दगड काढून टाकला. गावातली म्हातारी माणसं कारण सांगतात. वाट चुकलेल्यांमध्ये जिवंत कमी आणि दुसरेच जास्त येऊ लागले म्हणे. अर्थात, म्हाताऱ्यांच्या गोष्टी. तो दगड मिळाला तर फार बरं होईल. तीन पाकळ्यांचा आहे."

सुप्रभाबाईंनी आपल्याकडे दगड असल्याचं सांगितलं नाही. त्या हसत दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि देवघरापुढे कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या कुणाला धडकी भरली असती. बाईंच्या मनात आशा फुटली. ही खिडकी वाट चुकलेल्यांना घरी आणते ना? मग माझा उदय वाट चुकलेलाच आहे की. 'दुसरेच' हा शब्द त्यांनी ऐकला होता, पण आईच्या मनाला नको ते बाजूला सारायची कला असते. त्या दिवसापासून निरांजनाच्या जागी समई आली, वात जाड झाली आणि तुपाचा हात सैल झाला. तीन पाकळ्यांचा उजेड बाग ओलांडून, झुडपं ओलांडून थेट शेतावर पडू लागला. एवढ्याशा ज्योतीचा उजेड इतका लांब जाऊ नये, हे बी. एस्सी. झालेल्या बाईला कळत होतं.

नोव्हेंबरात डोरीन नाहीशी झाली. डोरीन शाळेच्या किचनमध्ये बाईंच्या शेजारी उभी राहून मटार वाढायची. ठेंगणी, बडबडी, सिगारेटचा वास लपवायला सतत पेपरमिंट चघळणारी. बाईंना 'सू' म्हणणारी आणि त्यांच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी चमच्यानं पळवणारी. मंगळवारी ती बहिणीकडे गाडीनं निघाली आणि पोचलीच नाही.

गुरुवारी संध्याकाळी धुकं होतं. बाई समईपुढे बसल्या होत्या. पाठीमागे ओल्या कपड्यांतून पाणी ठिबकल्याचा आवाज आला, आणि मग वास. पेपरमिंट आणि सिगारेट.

"डोरीन?" बाई पुटपुटल्या. त्या वळल्या मात्र नाहीत. वास त्यांच्या खांद्याजवळून पुढे गेला आणि घरात कुठेतरी विरला.

शुक्रवारी शाळेत सगळ्या बायका रडत होत्या. डोरीनची गाडी जलाशयात सापडली होती. पोलिसांच्या मते ती मंगळवारीच गेली.

बाई घरी आल्या, कोट काढला, हात धुतले. डोकं बधिर झालं होतं. साडीचा पदर खोचला, समईत तूप घातलं, वात पेटवली, दार उघडलं, बसल्या. इतक्या वर्षांच्या सवयीनं हातांनी हे सगळं आपलं आपण केलं. बसल्यावर मन हातांना गाठू लागलं. डोरीन मंगळवारी गेली. गुरुवारी ती इथे आली. म्हणजे इथे येतात ते सगळे गेलेलेच. साखरेची वाटी मी मेलेल्या माणसांसाठी भरते. आणि रोज संध्याकाळी मी इथे बसून काय मागते? माझा मुलगा या दारात येऊ दे.

 त्या उठणार, तेवढ्यात मागे आवाज झाला.

बूट पडल्याचा. धप्प.

उदयला नाडी सोडायचा कंटाळा. उजव्या पायाच्या चवड्यानं डाव्या बुटाची टाच दाबायची, झटका देऊन पाय बाहेर काढायचा, की बूट भिंतीवर आपटे. मग दुसरा. लहानपणापासून बाई यावरून ओरडत आल्या होत्या. जगात कुठेही, कितीही माणसांत, हा आवाज त्यांनी ओळखला असता.

दुसरा बूट पडला. धप्प.

"आई," उदय म्हणाला.

आवाज दाराच्या उंबऱ्यावरून येत होता. दमलेला, थोडा आनंदलेला, थंडीनं जड झालेल्या जिभेचा. दोन वर्षं ज्या हाकेसाठी कान लावून बसल्या, ती हाक हाताच्या अंतरावर होती. नुसती मान वळवायची होती. मान वळवली असती तर तो दिसला असता, आणि दिसल्यावर त्याला आत ये म्हणण्यावाचून दुसरं काही म्हणता आलं नसतं. बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. आत आलेली पावलं कधी बाहेर गेली नव्हती.

"आई, आय अ‍ॅम सो कोल्ड. मी आत येतो."

सुप्रभाबाई पुढे वाकल्या आणि जन्मात केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्यांनी गाल फुगवून समईवर फुंकर मारली.

एकच वात, पण घर असं अंधारलं की हाताला हात दिसेना. मागे कुणी बोललं नाही. कुणी हललं नाही. मग एक अगदी लहान आवाज आला, पोरगं रडण्याआधी नाक ओढतं तसा. त्यानंतर वारा शेताकडून नाही, घरातून शेताकडे वाहिला. कितीतरी ओल्या लोकरी, कितीतरी श्वास बाईंच्या दोन्ही अंगांनी घाईघाईनं बाहेर गेले. पेपरमिंटचा वासही गेला. दार धाडकन आपटून बंद झालं.

डॉक्टर घरी आले तेव्हा बाई अंधारातच बसलेल्या होत्या. त्यांनी विजेचा दिवा लावला. बाईंनी सांगितलं, सगळं, पहिल्या पावलापासून. डॉक्टर एरवी नाकानं कांदे सोलणारे गृहस्थ. भुतंखेतं म्हटलं की त्यांचं व्याख्यान सुरू होई. त्या दिवशी ते नुसते मागच्या दाराकडे गेले. दारापाशी, उंबऱ्याच्या आत वीतभर, दोन ओली पावलं उमटली होती, मोज्यांतली, सपाट तळव्याची. बोटं शेताकडे होती. बाहेर जाणारी ती पहिलीच पावलं. डॉक्टर गुडघ्यांवर बसले. उदयचे तळवे सपाट होते, त्यासाठी त्याला लहानपणी खास बूट त्यांनीच करून आणले होते. त्यांनी एका पावलावर हात ठेवला.

"मी त्याला त्या दारानं घालवला," ते म्हणाले, "आणि तू या दारानं." आणि ते मोठ्यानं रडू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी दगड ढकलगाडीत घालून चॅपलपाशी नेला. धुकं नव्हतं. पूर्वेच्या मोठ्या खिडकीच्या जाळीतून ऊन येत होतं आणि गवतावर तिची सावली पडली होती. बुजवलेल्या लहान खिडकीखाली त्यांनी दगड पालथा घातला, पाकळ्या मातीकडे करून. मिस प्रिचर्डना फोन केला. मागच्या दाराला बाईंनी कडी घातली आणि तोरण उतरवलं. त्या संध्याकाळी देवघरात एवढंसं निरांजन लागलं आणि बाईंनी पुढचं दार उघडलं, दक्षिणेचं. यमाचं तर यमाचं. मुलगा त्या दारानं गेला होता, यायचाच असेल तर त्याच दारानं यावा.

हिवाळा गेला. घर ऊबदार झालं होतं आणि त्या उबेत बसणं दोघांना नको होतं. आपण मुलाला अंधारात परत पाठवलं, एवढंच सुप्रभाबाईंना आठवे. तो मेलेलाच होता तर त्याला निदान शेवटचं पाहून तरी घ्यायचं होतं, असं कधी वाटे. मग त्या स्वतःलाच रागावत. अन्न जात नव्हतं. शाळेतल्या पोरांना त्या कस्टर्ड दोनदा वाढत आणि कुणी तक्रार करत नसे.

एप्रिलमध्ये एका दुपारी पुढची बेल वाजली.

दारात उदय होता. दाढी वाढलेली, एका हातात काठी, गालफडं बसलेली. सुप्रभाबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे नाही, आधी पायांकडे पाहिलं. पाय सरळ होते. बूट कोरडे होते. मग त्यांनी त्याच्या मनगटाला हात लावला. मनगट गरम होतं.

"आई, आत येऊ का?" तो म्हणाला. आवाजात राग होता, फार दिवस सांभाळून आणलेला.

 आतून डॉक्टर पेपर हातात घेऊन आले आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.

"मी नोव्हेंबरमध्ये घरी येत होतो," उदय म्हणाला. "अ‍ॅबरडीनवरून. सॉरी म्हणायला, बाबांना. व्हॅन स्किड झाली डोंगरात, स्नोमध्ये. पाच महिने मी हॉस्पिटलमध्ये होतो. त्यांना माझी नावपण माहीत नव्हती, आणि मलापण आठवत नव्हती. डॉक्टर म्हणाला, तुझं हार्ट बंद झालेलं, वुई लॉस्ट यू. मग आपोआप परत चालू झाली, नो रीझन." तो थांबला. त्याचा ओठ सात वर्षांच्या पोरासारखा थरथरत होता. "पण मी आला होता, आई. मला माहीत आहे ड्रीम असेल, पण मी घरी आला होता. फील्डमधून. इतका थंडी होता, आणि आपल्या किचनमधला लाइट दिसत होता, तो लीफवाला. मी शूज काढले. मी हाक मारली तुला. तू मागे वळूनसुद्धा बघितलं नाहीस."

"हो," सुप्रभाबाई म्हणाल्या.

"सबंध लहानपण तू मला एक कँडल फुंकू दिली नाहीस! एक! आणि मी दारात उभा आहे, आणि तू दिवा फुंकलीस?"

"हो रे. फुंकला."

"का?"

सुप्रभाबाईंनी त्याच्या छातीवर तळवा ठेवला, हृदयावर, आणि तो तिथेच दाबून धरला. हाताखाली धडधड लागत होती, रागानं भरभर चाललेली. त्यांना तेवढी ऐकायची होती.

मग त्यांनी त्याला हळूच मागे सारलं, पायरीवर.

"दार लावते," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा बेल वाजव."

"व्हॉट?"

"वाजव रे राजा. मागच्या दारानं आलेल्यांनी कधी बेल वाजवली नव्हती."

त्याला काही कळलं नाही. आईचं डोकं फिरलं असावं, अशा नजरेनं त्यानं बाबांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "वाजव, उदय." बाईंनी दार लावून घेतलं. दोघं नवराबायको बंद दाराच्या आत उभे राहिले. बेल वाजली, चांगली लांबलचक, चिडून दाबून धरलेली. सुप्रभाबाईंनी ती थांबेपर्यंत ऐकली आणि मग दार उघडलं.

"आता ये," त्या म्हणाल्या, "आणि बूट नाडी सोडून काढ."